आयरॅफ नव्या मॅकवर: जुन्या निरीक्षणांचे निकाल तसेच मिळतील का?

प्रश्न: वर्णपट

नमस्कार. मी एका महाविद्यालयाच्या पदव्युत्तर भौतिकशास्त्र विभागात शिकवतो. रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांचे प्रकाशमापन आणि थोडेफार वर्णपटांचे काम आमच्याकडे बरीच वर्षे चालू आहे. त्यातील काही निरीक्षणे जुन्नरजवळच्या गिरावली येथील, आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या दोन मीटर दुर्बिणीची आहेत, काही इतर वेधशाळांच्या संग्रहातून घेतलेली आहेत, आणि या सगळ्यांचे डेटा रिडक्शन, म्हणजे कच्च्या प्रतिमांतून मोजण्याजोगे आकडे काढण्याचे काम, आजवर आयरॅफ या खगोलशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्येच झालेले आहे. बायस (कॅमेऱ्याची मूळ पातळी) वजा करणे, फ्लॅटने (एकसारख्या प्रकाशात घेतलेल्या फ्रेमने) भागणे, फ्रेम एकत्र करणे, ताऱ्यांची प्रत (तेजाचे माप) काढणे आणि वर्णपट वेगळा काढणे या प्रत्येक पायरीच्या ‘सीएल’ या आयरॅफच्या आज्ञाभाषेतील स्क्रिप्ट विद्यार्थ्यांच्या एका पिढीने लिहिल्या, पुढच्या पिढीने सुधारल्या आणि त्या आजही वापरात आहेत.

आता प्रयोगशाळेतील इंटेल प्रोसेसरची लिनक्स यंत्रे मोडीत निघत आहेत आणि त्यांच्या जागी एआरएम प्रोसेसर असलेले मॅक आले आहेत. वापरकर्त्यांच्या गटाने चालवलेली आयरॅफची २.१८ ही आवृत्ती त्यांवर विनासायास बसली आणि सुरूही झाली, परंतु त्यानंतर विभागात तीन मते पडली आहेत. ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, ज्या यंत्रावर आजवरचे शोधनिबंध झाले त्या यंत्राबाहेरचे आकडे त्यांना मान्य नाहीत. विद्यार्थ्यांचे म्हणणे असे की, प्रोग्राम चालतो आहे, आलेख दिसतो आहे, मग अडचण कोणती? तिसरे मत असे की, आयरॅफ मुळातच सोडून द्यावे आणि सर्व काम पायथॉनमध्ये नव्याने उभे करावे.

मला या तिन्हींपैकी कोणतेही मत तसेच्या तसे स्वीकारता येत नाही. आपल्यापैकी ज्यांनी हे स्थलांतर केले आहे, त्यांनी कोणत्या आधारावर नव्या यंत्रावरच्या निकालांवर विश्वास ठेवला? आणि प्रोग्राम न थांबता, कोणतीही चूक न दाखवता, वेगळेच उत्तर देतो असे कोठे घडते?

उत्तर: सह्यगिरी

आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची शंका मला नवीन वाटत नाही. सन कंपनीच्या वर्कस्टेशनवरून आम्ही पीसी-लिनक्सवर आलो तेव्हा हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. घरगुती पीसीवर काढलेली ताऱ्याची प्रत शोधनिबंधात द्यावी की नाही, यावर तेव्हा गंभीरपणे चर्चा होत असे. काही वर्षांनी तेच पीसी ‘विश्वासाचे जुने यंत्र’ झाले. त्यामुळे शंका घेणाऱ्यांना मागासलेले समजू नये. तपासणी होते ती त्यांच्यासारख्यांच्या आग्रहामुळेच.

आयरॅफबाबत एक गोष्ट मात्र विसरता कामा नये, ती म्हणजे हे सॉफ्टवेअर एका यंत्रासाठी लिहिलेलेच नव्हते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसॉन येथे डग टोडी यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी त्याची रचना केली, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांच्या हाताखाली व्हॅक्स यंत्रे होती आणि त्यांवर व्हीएमएस किंवा युनिक्स चालत असे. पुढे कोणती यंत्रे येतील हे कोणालाच सांगता येत नव्हते, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमशी थेट बोलणारा भाग अगदी लहान आणि वेगळा ठेवण्यात आला आणि बाकीचे लाखो ओळींचे काम त्या भागाच्या आडून चालेल अशी व्यवस्था केली गेली. नंतर सन, एचपी, सिलिकॉन ग्राफिक्स, आयबीएम यांची युनिक्स, मग लिनक्स, मग मॅक असा प्रवास त्यामुळेच शक्य झाला. टूसॉनहून २.१६ ही आवृत्ती २०१२ मध्ये आली, त्यानंतर तिकडचे काम मंदावत गेले, आणि पुढच्या आवृत्त्यांचा भार वापरकर्त्यांच्याच गटाने उचलला. डेबियन या लिनक्सच्या भांडारातही आयरॅफ आज उपलब्ध आहे. आपल्या हाती असलेली २.१८ आवृत्ती म्हणजे याच परंपरेतील एक पोर्ट (नव्या यंत्रांसाठी केलेले रूपांतर) आहे.

माझी काळजी वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती जुन्या फाइलींची आहे. आपल्या संग्रहात फिट्स या खगोलशास्त्रातील मानक स्वरूपाबरोबर जुन्या ‘आयएमएच’ फाइली असतील, तर त्यांच्याकडे आधी पाहावे. त्या स्वरूपात शीर्षक एका फाइलीत आणि पिक्सेल दुसऱ्या फाइलीत असतात, आणि पिक्सेलची फाइल कोठे आहे तो मार्ग शीर्षकात लिहिलेला असतो. केवळ कामाची निर्देशिका कॉपी केली तर शीर्षके येतात आणि आकाश मागेच राहते. त्यातही १९९७ च्या २.११ आवृत्तीपूर्वीची शीर्षके ज्या यंत्रावर लिहिली त्या यंत्राच्या रचनेला बांधलेली असत, कारण सनच्या स्पार्क प्रोसेसरवर बाइटांचा क्रम एक होता आणि इंटेलवर त्याच्या उलट. जुनी यंत्रे चालू आहेत तोवर त्यांच्यावरच हे सर्व फिट्समध्ये रूपांतरित करून घ्यावे. फिट्समध्ये बाइटांचा क्रम मानकानेच ठरवून दिलेला असल्यामुळे पुढे कोणत्याही यंत्रावर हा प्रश्न उरत नाही. यंत्र भंगारात गेल्यावर ही सोय पुन्हा मिळणार नाही, म्हणून हे काम इतर सर्व चर्चेच्या आधी व्हावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक व्यावहारिक सूचना. मॅकची फाइल-व्यवस्था नेहमीच्या मांडणीत इंग्रजी लहान आणि मोठ्या लिपीत भेद करत नाही. लिनक्सवर एकाच निर्देशिकेत मोठ्या अक्षराने सुरू होणारी आणि लहान अक्षराने सुरू होणारी अशा ‘फ्लॅट’ नावाच्या दोन फाइली सुखाने नांदतात, पण मॅकवर कॉपी करताना दुसरी पहिलीच्या जागी बसते आणि त्याची वाच्यता कोठेही होत नाही. कॉपी करण्यापूर्वी आणि केल्यानंतर फाइलींची संख्या मोजून पाहावी.

उत्तर: ओळखंड

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे प्रोग्राम गुपचूप चुकीचे उत्तर कोठे देतो याचे, उत्तर देण्याचा मी प्रयत्न करतो, कारण माझे बरेचसे काम जुनी वैज्ञानिक पॅकेजे ६४ बिटांवर आणण्याचेच आहे.

आयरॅफ एसपीपी नावाच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेले आहे. त्या भाषेचे आधी फोरट्रानमध्ये, आणि प्रचलित बांधणीत तेथून पुढे सी भाषेत, रूपांतर होऊन मगच कंपायलर हाती घेतला जातो. फोरट्रानमध्ये त्या काळी चल स्मृतिवाटप (प्रोग्राम चालू असताना हवी तेवढी स्मृती मागून घेण्याची सोय) नव्हते, म्हणून रचनाकारांनी एक युक्ती केली. संपूर्ण स्मृती म्हणजे ‘मेम’ नावाची एकच प्रचंड सारणी आहे असे मानायचे आणि पॉइंटर म्हणजे त्या सारणीतील केवळ एक क्रमांक समजायचा. त्या सारणीचा आरंभ शून्य पत्त्यावर ठेवण्याची सोय ज्या असेंब्ली फाइलीत आहे, त्याच फाइलीत प्रोसेसरची स्थिती जपून ठेवण्याचे आणि चूक झाल्यास तिथे परतण्याचे काम होते. हे परतण्याचे काम सी भाषेत सरळ गुंडाळून लिहिता येत नाही, कारण गुंडाळणारे फंक्शन संपले की त्याची स्टॅकवरील जागाही जाते. म्हणून प्रत्येक नव्या प्रोसेसरसाठी ही छोटी फाइल कोणाला तरी हाताने लिहावी लागते. आयरॅफचे पोर्ट अडते ते बहुधा याच काही ओळींवर.

मात्र हा भाग चुकला तर प्रोग्राम लगेच कोसळतो, त्यामुळे वापरकर्त्याची फसवणूक होत नाही. फसवणूक होते ती ३२ बिटांवरून ६४ बिटांवर जाताना. जुन्या यंत्रांवर पूर्णांक चार बाइटांचा आणि दशांश संख्याही चार बाइटांची होती, म्हणून एखाद्या रचनेतील तिसरी जागा पूर्णांकांच्या सारणीतून पाहिली काय किंवा दशांश संख्यांच्या सारणीतून पाहिली काय, हात एकाच ठिकाणी पडत असे, आणि अनेकांनी आपला कोड त्या भरवशावर लिहिला. ६४ बिटांच्या आयरॅफमध्ये पूर्णांक आठ बाइटांचा झाला, दशांश संख्या चारच बाइटांची राहिली, आणि दोन्ही क्रमांकांची जागा वेगळी झाली. मूळ पॅकेजमध्ये यासाठी पॉइंटरचे रूपांतर करणारे मॅक्रो घालून सर्व कोड दुरुस्त केलेला आहे. पण आपल्या विभागात कोणी स्वतः लिहिलेले, किंवा एखाद्या वेधशाळेकडून पूर्वी मिळालेले, एसपीपीमधील टास्क (लहान प्रोग्राम) असतील, तर ते कंपाइल होतील, चालतील आणि शेजारच्याच जागेतील संख्या उचलून देतील. शून्य किंवा अतिशय लहान संख्या आली तर लक्षात येते, पण एखादी पटण्याजोगी संख्या आली तर तिचा संशय कोणालाही येणार नाही. म्हणून ‘सीएल’ स्क्रिप्टपेक्षा असे टास्क मी आधी तपासेन.

मॅकवर हा प्रश्न टाळताही येत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या कॅटालिना या मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टीमपासून ॲपलने ३२ बिटांचे प्रोग्राम चालवणे पूर्ण बंद केले. त्या वेळी ३२ बिटांवर अडकलेली आयरॅफची पॅकेजे एका रात्रीत निरुपयोगी झाली, आणि अनेक वापरकर्त्यांनी आभासी यंत्रात जुने लिनक्स बसवून काम पुढे रेटले.

आता एआरएमविषयी. या प्रोसेसरच्या मूळ आज्ञासंचातच गुणाकार आणि बेरीज एकत्र करून शेवटी एकदाच पूर्णांकन (न मावणारे अंक सोडून जवळची संख्या घेणे) करणारी आज्ञा आहे. इंटेलच्या ६४ बिटांच्या मूळ आज्ञासंचात ती नव्हती, ती २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरांपासून आली, आणि सर्वसाधारण कंपायलर जुन्या प्रोसेसरचा विचार करून ती स्वतःहून वापरत नाही. परिणामी तोच कोड एआरएमवर शेवटच्या अंकात वेगळे उत्तर देतो, आणि ते बहुधा अधिक अचूक असते. हा फरक दोष नाही, पण त्यामुळे दोन यंत्रांच्या फाइली बाइट-बाइट सारख्या निघतील ही अपेक्षा सोडून द्यावी लागते.

उत्तर: नारायणगावकर

बाइट-बाइट सारखेपणा मिळणार नसेल तर काय तपासायचे, हा खरा प्रश्न आहे. आमच्या गटात आम्ही ज्या पद्धतीने तपासणी केली ती थोड्या विस्ताराने मांडतो.

एका रात्रीच्या कच्च्या फ्रेम घ्याव्यात, म्हणजे बायस, फ्लॅट आणि एका ओळखीच्या क्षेत्राच्या फ्रेम, आणि जुन्या यंत्रावर व नव्या यंत्रावर एकाच स्क्रिप्टने त्यांचे रिडक्शन करावे. पॅरामीटरच्या फाइली मात्र नव्या यंत्रावर मूळ स्थितीत आणून, मग हव्या त्या किमती स्क्रिप्टमध्येच स्पष्टपणे लिहाव्यात, कारण पॅरामीटर साठवणाऱ्या जुन्या ‘यूपार्म’ निर्देशिकेत कोणी कधी काय बदलून ठेवले आहे हे कोणालाच आठवत नसते. नंतर प्रत्येक पायरीवरील दोन फ्रेमची वजाबाकी करून फरकाची आकडेवारी पाहावी. केवळ शेवटच्या निकालाची तुलना करू नये. एका पायरीवरचा फरक पुढच्या पायरीत झाकला जाऊ शकतो.

फरक किती असावा याचा हिशोब सोपा आहे. फ्लॅटने भागल्यानंतर पिक्सेल ३२ बिटांच्या दशांश संख्येत साठवला जातो. १६,३८४ ते ३२,७६८ या टप्प्यात अशा दोन शेजारच्या संख्यांमधील अंतर १/५१२, म्हणजे सुमारे ०.००२ असते. त्या टप्प्यातील पिक्सेलमध्ये ०.००२ किंवा ०.००४ इतका फरक दिसला तर तो पूर्णांकनाचा आहे आणि कॅमेऱ्याच्या वाचनातील गोंगाटापुढे तो नगण्य आहे. प्रतीच्या तिसऱ्या दशांश स्थळाचा एक अंक म्हणजे प्रकाशात सुमारे ०.०९ टक्के फरक, आणि पूर्णांकनाचा फरक त्याच्या जवळपासही पोहोचत नाही.

तरीही फरकाच्या फ्रेममध्ये मधूनच एखादा पिक्सेल एकदम शेकडो एककांनी वेगळा चमकतो, आणि तो पाहून लोक घाबरतात. आम्ही अशा पिक्सेलांच्या मुळाशी गेलो. फ्रेम एकत्र करताना सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या ठरावीक पटींहून दूर असलेली किंमत टाकून द्यावी असे आपण सांगितलेले असते. एखादी किंमत नेमकी त्या सीमेवर असेल, तर शेवटच्या अंकातील फरकाने एका यंत्रावर ती टाकली जाते आणि दुसऱ्यावर राहते, आणि मग त्या एका पिक्सेलची सरासरी बरीच बदलते. हे पिक्सेल विरळ, विखुरलेले आणि कोणत्याही रचनेत न बसणारे असतील तर काळजी नसावी. उलट संपूर्ण स्तंभात, एका कडेला किंवा ताऱ्यांच्याच जागी फरक दिसत असेल, तर तो कितीही लहान असला तरी कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. आकड्यापेक्षा फरकाचा आकृतिबंध अधिक सांगतो, असा आमचा अनुभव आहे.

वर्णपटाच्या बाबतीत मी तरंगलांबीच्या समीकरणाच्या सहगुणकांची तुलना न करता, ओळखीच्या रेषा कोठे पडतात ते पाहतो. सहगुणक बदलूनही रेषा जागेवर राहू शकतात.

उत्तर: दूरदेशी

माझे क्षेत्र वेगळे आहे. मी युरोपात मेंदूच्या एमआरआय प्रतिमांवर काम करतो, पण आपला प्रश्न आमच्याकडे जसाच्या तसा येऊन गेला आहे. अशा प्रतिमांतून मेंदूच्या भागांची मापे काढणाऱ्या फ्रीसर्फर या पॅकेजविषयी २०१२ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात ३० व्यक्तींच्या त्याच प्रतिमा वेगवेगळ्या आवृत्त्यांनी, मॅक आणि एचपी या दोन प्रकारच्या यंत्रांवर, आणि मॅकच्या १०.५ व १०.६ या दोन ऑपरेटिंग सिस्टीमवर मोजल्या गेल्या. आवृत्ती बदलल्यामुळे मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के आणि बाह्यकाच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) जाडीत २.८ टक्के फरक आढळला, तर केवळ यंत्र किंवा ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्याने पडणारा फरक साधारण त्याच्या निम्मा होता. रोगामुळे होणारा बदल कित्येकदा याच मापाचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अभ्यासाने आमच्यात केवढी अस्वस्थता पसरली असेल याची कल्पना येईल.

आपल्या प्रकाशमापनात पायऱ्या सरळ आहेत, त्यामुळे पूर्णांकनाचा फरक तिथेच थांबतो. आमच्याकडे पृष्ठभाग शोधणाऱ्या पायऱ्या एकावर एक रचलेल्या असतात आणि शेवटच्या अंकातील फरक वाढत जातो. आपल्या स्क्रिप्टमध्ये जिथे जिथे पुनरावृत्तीने समीकरण जुळवले जाते, तिथे श्री. नारायणगावकर यांची कसोटी अधिक कडकपणे लावावी. त्या अभ्यासाच्या लेखकांनी दिलेला सल्ला मी आजही पाळतो: चालू प्रकल्पाच्या मध्यावर यंत्र, ऑपरेटिंग सिस्टीम किंवा आवृत्ती बदलायची नाही, आणि बदलावीच लागली तर सर्व विश्लेषण आरंभापासून पुन्हा करायचे.

उत्तर: आकाशवेध

तिसऱ्या मताच्या बाजूने मी बोलतो, परंतु त्याची किंमतही सांगतो. नव्या विद्यार्थ्याला मी आज एसपीपी किंवा ‘सीएल’ शिकवणार नाही. ॲस्ट्रोपाय ही पायथॉनमधील खगोलशास्त्राची लायब्ररी आणि तिच्या भोवतीची पॅकेजे त्याला इतर नोकरीतही उपयोगी पडतात, आणि दोष सापडला तर तो स्वतः दुरुस्त करू शकतो. मोठ्या वेधशाळाही त्या दिशेने गेल्या आहेत. जेमिनी वेधशाळेने आपल्या जुन्या आयरॅफ पॅकेजऐवजी ड्रॅगन्स हे पायथॉनमधील सॉफ्टवेअर उभे केले.

पण पायथॉनकडे जाणे म्हणजे पोर्ट नव्हे, ती नवी मोजणी आहे. ताऱ्याभोवतीच्या आकाशाची पातळी आयरॅफचे ‘फॉट’ हे प्रत मोजणारे टास्क एका पद्धतीने काढते. पायथॉनमध्ये ती पद्धत आपल्याला स्वतः निवडावी लागते, आणि वेगळी निवडली तर अंधुक ताऱ्यांच्या प्रतीत फरक पडतो. तो श्री. नारायणगावकर यांनी सांगितलेल्या पूर्णांकनाच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. अनेक वर्षांच्या प्रकाशवक्रात मध्येच ही पायरी आली तर ताऱ्यानेच तेज बदलले असा भास होईल.

शिवाय पायथॉन वापरला म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न सुटत नाही. हवाई विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, रेणूंच्या चुंबकीय अनुनादाचे गणित करणारी, २०१४ पासून प्रचारात असलेली पायथॉन स्क्रिप्ट त्याच फाइलींवर विंडोज १० वर १७३.२ आणि उबुंटू १६ वर १७२.४ असे उत्तर देत होती. कारण इतकेच होते की, निर्देशिकेतील फाइलींची यादी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम वेगळ्या क्रमाने देते आणि स्क्रिप्टने तो क्रम ठरलेला गृहीत धरला होता. यादी मिळाल्यावर ती क्रमवार लावणारी एक ओळ तिथे नव्हती. आपल्या स्क्रिप्टमध्ये पायरॅफमधून (पायथॉनमधून आयरॅफ चालवणाऱ्या पॅकेजमधून) फाइलींची यादी उचलली जात असेल तर ती ओळ आहे का, हे आजच पाहावे.

पुन्हा: वर्णपट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांप्रमाणे काय झाले ते येथे नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी हाच प्रश्न घेऊन आले तर त्यांना उपयोग होईल.

जुन्या ‘आयएमएच’ फाइलींचे रूपांतर लिनक्स यंत्रावर सुरू केले आहे. त्यांतील काहींचे पिक्सेल सापडत नाहीत, कारण ते ज्या डिस्कवर होते ती पूर्वीच बदलली गेली होती, पण बहुतांश निरीक्षणे सुखरूप आहेत.

तुलनेत बायस आणि फ्लॅटच्या पायऱ्यांवर पूर्णांकनापलीकडचा फरक आढळला नाही. एकत्रित फ्रेममध्ये विखुरलेले वेगळे पिक्सेल दिसले. त्यांतील काहींच्या मूळ किमती हाताने तपासल्या, तर प्रत्येक ठिकाणी एक किंमत टाकून देण्याच्या सीमेला चिकटलेली होती. हे पाहिल्यावर ज्येष्ठ सहकाऱ्यांपैकी एकांनी, आजवर ती सीमा इतकी घट्ट का ठेवली होती, असा प्रश्न विचारला, आणि आता त्यावर विभागात वेगळी चर्चा चालू आहे. ताऱ्यांच्या प्रती तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळल्या.

श्री. ओळखंड यांचा इशारा मात्र अगदी नेमका ठरला. विभागातच पूर्वी लिहिलेले, वायुवस्तुमानाची (प्रकाशाच्या वाटेत येणाऱ्या हवेच्या थराची) दुरुस्ती करणारे एक लहान टास्क नव्या यंत्रावर दुरुस्तीचा सहगुणक शून्य धरून चालत होते. तारे क्षितिजापासून बरेच वर असताना निकाल जवळपास बरोबर दिसत, आणि खाली उतरलेल्या ताऱ्यांच्या फ्रेम तुलनेत घेतल्या तेव्हाच दोष उघड झाला. पॉइंटरचे रूपांतर घातल्यावर आकडे जुळले. तुलनेसाठी रात्र निवडताना वेगवेगळ्या उंचीवरचे तारे असलेली रात्र निवडावी, ही एक सूचना मी वरील पद्धतीत जोडू इच्छितो.

चालू असलेला प्रकाशवक्राचा प्रकल्प शोधनिबंध होईपर्यंत जुन्याच यंत्रावर राहील. या हंगामापासूनची नवी निरीक्षणे मॅकवर घेऊ, आणि पायथॉनची मोजणी काही काळ आयरॅफच्या जोडीने चालवून दोन्हींतील फरक प्रत्येक ताऱ्यासाठी नोंदवू. आलेखाच्या खिडकीत वर्णपट मोठा करताना प्रोग्राम मधूनच बंद पडतो, त्याची नोंद आवश्यक त्या फाइलींसह पॅकेज सांभाळणाऱ्या गटाकडे पाठवली आहे. ज्यांच्याकडे एआरएम मॅक आहे त्यांनी तोच दोष त्यांच्याकडे दिसतो का, ते येथे कळवावे. त्यासाठी लागणारा नमुना वर्णपट मी कोणालाही देऊ शकतो.